शून्याखालचे दहा लिटर

तिला सगळे काटेवाली म्हणत. घरात ती धाकटी होती, पण बाजारात काटेवालीच. जुन्या गाड्यांच्या डॅशबोर्डवरच्या गोल तबकड्या उघडायच्या, आतला गंज खरवडायचा, केसाएवढ्या तारा जोडायच्या आणि मेलेले काटे पुन्हा हलते करायचे, हा तिचा धंदा. असल्या मीटरना हात लावणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे हौशी लोक लांबून लांबून यायचे आणि ती म्हणेल तितके दिवस मुकाट्यानं थांबायचे.

वर्कशॉप घराच्या खालीच होतं. पुढे शटर, मागे जिना आणि जिन्यालगतच्या खिडकीत एक आरामखुर्ची. त्या खुर्चीत तिचे बाबा बसत. बाबांनी आयुष्यभर मिस्त्रीकाम केलं होतं. इंजिनाचा आवाज ऐकून ते सांगायचे की कुठल्या सिलिंडरला काय झालंय. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. तोंडात शब्द एकच राहिला, ‘बरं’. भूक लागली की बरं, कंटाळा आला की बरं, डॉक्टरचा राग आला तरी बरंच. सुरावरून काटेवालीला कळायचं.

या बाबांनी एक गाडी बांधली होती. दोन माणसांची, बुटकी, लांब नाकाची, उघड्या टपाची. भंगारवाल्याकडे नुसता सांगाडा मिळाला होता, त्यावर अठरा वर्षं रविवार घालवून त्यांनी ती उभी केली. रंग तांबडा, म्हणून नावही तांबडी. इंजिन एकीकडचं, चाकं दुसरीकडची आणि पेट्रोलची टाकी तर त्यांनी स्वतः पत्रा वाकवून केलेली. ती टाकी म्हणजे एक प्रकरण होतं. पेट्रोल भरायचं तोंड डिकीच्या कोपऱ्यात, खाली जाणारी नळी वाकडी. पंपावरच्या माणसानं नेहमीसारखं नोझल घुसवून दाबलं की पेट्रोल फस्सकन उलटं अंगावर यायचं. नोझल अर्धं फिरवून, तान्ह्या मुलाला दूध पाजावं तसं हळूहळू ओतावं लागे. पस्तीस लिटर झाले की आत हवा कोंडायची, नोझल खट्‌कन बंद पडायचं आणि टाकी भरली असं वाटायचं. ती भरलेली नसायची. पाच मिनिटं थांबायचं, मागच्या चाकाशी उभं राहून गाडीला कंबरेनं दोनचार हिसके द्यायचे, मग उरलेले दहा लिटर आत जायचे. हे दोघांनाच माहीत होतं, बाबांना आणि धाकटीला.

काकांना माहीत नव्हतं.

काका म्हणजे बाबांचा पाठचा भाऊ. फरशांचं मोठं दुकान, भारदस्त अंग, बोलणं गुळगुळीत. झटक्यानंतर बाबा दोन महिने दवाखान्यात होते. ती औषधं, डॉक्टर, तपासण्या यांत भोवऱ्यासारखी फिरत होती. तेव्हा काका एका दुपारी आले, बाबांच्या डाव्या हातात पेन दिलं आणि एका कागदावर रेघोट्या ओढून घेतल्या. तिला नंतर सांगितलं, “गाडी गंजत पडली असती गं. दादा स्वतःच म्हणाला, तू ने.”

“बाबा म्हणाले? काय म्हणाले?”

“बरं म्हणाला की.”

घर, दवाखाना आणि बंद पडलेलं वर्कशॉप सांभाळता सांभाळता भांडायला अंगात त्राण नव्हतं. पण सहा महिन्यांनी पेपरात फोटो आला. काका तांबडीला टेकून उभे, हातात चषक, खाली मजकूर: स्वतःच्या हातांनी अठरा वर्षं राबून गाडी घडवणारा कलावंत. तिनं पेपर लपवायच्या आत बाबांनी तो पाहिला. बराच वेळ मांडीवर धरून बसले. मग म्हणाले, “बरं.”

त्या ‘बरं’चा सूर तिनं आधी कधी ऐकला नव्हता. त्या दिवसापासून काकांचं नाव निघालं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पुढच्या वर्षी काकांनी पुन्हा चषक पटकावला. तिसऱ्यांदा मिळाला की तो कायमचा घरी ठेवता येतो, असा जुन्या गाड्यांच्या मंडळाचा नियम होता. ती वाट बघत होती. कशाची, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

या चषकासाठी मंडळ दरवर्षी घाटातून गाड्यांची फेरी काढायचं. त्या फेरीला आठ दिवस उरले असताना काका तांबडी घेऊन शटरसमोर उभे राहिले.

“तुझ्याशिवाय कोण आहे आम्हाला?” ते म्हणाले. “पेट्रोलचा काटा नुसता थरथरतोय. मध्येच अर्ध्यावर, मध्येच शून्यावर. मला तसा काही फरक पडत नाही म्हणा, पण परीक्षक बघतात ना.”

“फरक कसा पडत नाही?”

काकांनी डोळे मिचकावले. “अगं, ही गाडी माझ्याशी बोलते. काटा शून्यावर टेकला ना, तरी पोटात दहा लिटर असतात. मोजून दहा. ते पंपावर रांग लावतात आणि मी पुढे निघून जातो. गेल्या वर्षी तसाच जिंकलो. घाटाच्या पायथ्याशी सगळे भरायला थांबले आणि मी सुसाट.” मग खुर्चीकडे वळून मोठ्यानं, बहिऱ्याशी बोलावं तसं म्हणाले, “काय दादा! बरं आहे ना?”

“बरं,” बाबा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

“ठेवा गाडी,” काटेवाली म्हणाली. “गुरुवारी या.”

दुखणं किरकोळ होतं. गाडीच्या सांगाड्याला जोडलेली अर्थिंगची तार गंजली होती. तेवढी बदलली की काटा स्थिर झाला असता, अर्ध्या तासाचं काम. तिनं ते केलं. मग हात पुसले आणि टाकीवरची गोल चकती उघडून आतला फ्लोट बाहेर काढला. पेट्रोलवर तरंगणारा पितळी डबा आणि त्याला जोडलेला बारीक दांडा. दांडा मध्यावर वाकलेला होता. वाकलेला कसला, वाकवलेला. पक्कडीच्या दातांचे ठसे स्पष्ट दिसत होते. बाबांच्या पक्कडीचे. म्हणून काटा खोटं बोलत होता. खरे दहा लिटर असले की शून्य दाखवायचा.

ती गाडी शिकली ती तांबडीवरच. तेव्हाही काटा शून्यावर गेल्यावर गाडी चालत राहायची आणि ती त्याला स्वतःचं नशीब समजायची. बाबांनी दांडा कधी आणि का वाकवला हे तिनं कधी विचारलं नव्हतं. सुट्टा भाग बसत नसेल म्हणून वाकवला असेल, असं तिला वाटलं.

तिनं दांडा हातात धरला आणि तिला सगळं लख्ख दिसलं. काहीही बिघडवायचं नव्हतं. तार तोडायची नव्हती, टाकीला भोक पाडायचं नव्हतं. काटा फक्त खरा करायचा होता.

तिनं दांडा ठोकून सरळ केला. टाकी पूर्ण रिकामी केली, मापाच्या डब्यानं पाच पाच लिटर ओतत गेली आणि दरवेळी काटा कुठं थांबतो ते काचेवर पेन्सिलीनं टिपत गेली. पाचाला बरोबर पाच, दहाला दहा. तबकडीवरचं शून्य आता खरोखरीचं शून्य होतं. तिच्या आयुष्यात तिनं इतकं चोख काम क्वचितच केलं असेल.

बाबा सारं बघत होते. ती दांडा ठोकत होती तेव्हा त्यांनी डावा हात उचलला. “बरं,” ते म्हणाले, मग घाईनं पुन्हा, “बरं, बरं.”

“दमलात का? वर जायचंय?”

त्यांनी हात खाली घेतला आणि डोळे मिटले.

एक गोष्ट मात्र तिला टाळता येईना. बाबांचा नियम होता, गाडीला काहीही केलं की लिहून ठेवायचं. सीटमागच्या कप्प्यात एक जाड वही असायची, तेलाचे डाग पडलेली. ती अजून तिथंच होती. तिला मागची पानं चाळवली नाहीत. बाबांच्या हातून आता एक अक्षर निघणार नव्हतं आणि तिथं पानंच्या पानं भरलेली. तिनं सरळ शेवटचं पान उघडलं, तारीख घातली आणि लिहिलं: ‘फ्लोटचा दांडा सरळ केला. काटा आता अचूक. शून्य म्हणजे शून्य.’ खाली सही केली. वही परत कप्प्यात सरकवली. काका ती उघडतील तर वाचतील. ज्यानं गाडी घडवली म्हणून जगाला सांगितलं, त्यानं गाडीची वही उघडायला काय हरकत होती?

गुरुवारी काका आले, किल्ली फिरवली, काटा खडा उभा राहिलेला बघून खूश झाले.

“काय काय केलंस?”

“तार बदलली, काटा नीट केला. वहीत लिहिलंय सगळं.”

“असू दे, असू दे,” म्हणत काकांनी गाडी मागे घेतली.

तिनं सांगितलं नाही असं कुणी म्हणू शकलं नसतं. तिनं शटर नेहमीपेक्षा जोरात खाली ओढलं.

फेरीच्या दिवशी सकाळी सहाला ती निघायच्या तयारीत होती. घाटमाथ्यावर मंडळाच्या तपासणीच्या टेबलाशी तिला बसायचं होतं. दरवर्षी मीटर तपासायला तिलाच बोलवत. बाबांसाठी शेजारच्या मावशी येणार होत्या. तेवढ्यात बाहेर तांबडीचा हॉर्न वाजला.

काका उतरले, अंगात नवंकोरं जाकीट. “दादाला घेऊन जातो,” ते म्हणाले. “शेजारची सीट रिकामीच आहे. आजारी भावाला घाट दाखवला, फोटोतही छान दिसेल.”

ती दारात आडवी उभी राहिली. “बाबांना झेपणार नाही.”

“न झेपायला काय झालं? बसायचंच तर आहे! काय दादा, येतोस?”

बाबा खुर्चीत पुढे सरकले होते. तीन वर्षांत प्रथमच कुणी त्यांना तांबडीत बसायला बोलावत होतं. डोळे गाडीच्या नाकावर खिळलेले. “बरं!” ते म्हणाले आणि डावा हात सरळ पुढे केला.

त्या हाताला ती नाही म्हणू शकली नाही. काकांना बाजूला घेऊन सांगणं सोपं होतं: काका, शून्य आता खरं आहे, पायथ्याशी पेट्रोल भरून घ्या. दहा शब्दसुद्धा नाहीत. ते जिभेच्या टोकाशी आले आणि तिला पेपरातला तो फोटो आठवला. गाडी घाटात थांबेल, इतकंच होईल, असं तिनं स्वतःला बजावलं. चढावर थांबलेली गाडी कुणाला मारत नाही. तिनं बाबांना टोपी घातली, पट्टा आवळला, मांडीवर पाण्याची बाटली ठेवली.

“टाकी?” तिनं विचारलं. एवढं मात्र विचारलं.

“काल संध्याकाळीच फुल्ल केली. पाऊणच्या वर काटा!” काका म्हणाले. “तुझा काटा जरा जास्तच दाखवतोय की काय? हरकत नाही. खाली दहा आहेतच.”

म्हणजे नोझल खट्‌ वाजलं तिथंच काका थांबले होते. पस्तीस लिटर. तिनं मनात हिशोब केला. पायथ्यापर्यंत दोनशे दहा किलोमीटर, तिथं पोहोचताना उरणार पाच. काकांच्या डोक्यात ते होणार पंधरा. चढ अठ्ठावीस किलोमीटरचा.

ती टेम्पोत बसून दुसऱ्या, जवळच्या रस्त्यानं माथ्यावर गेली.

दुपारपर्यंत घाटमाथ्यावर चिक्कार गर्दी झाली होती. शेवटची तीन वळणं माथ्यावरून सरळ दिसत, म्हणून लोक कठड्याला रेलून उभे. मुख्य परीक्षक एक बाई होत्या, विमानांच्या दुरुस्तीत आयुष्य गेलेल्या, पांढरे आखूड केस, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. त्यांनी काकांचा अर्ज समोर ठेवला होता. काटेवालीला तो उलटा वाचता येत होता: ‘इंजिन, टाकी, वायरिंग, सर्व काम स्वतः.’

पायथ्याच्या चौकीवरून फोन आला. तांबडी पंपावर न थांबता पुढे गेली, सर्वांच्या बारा मिनिटं पुढे.

ते ऐकून काटेवालीला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या पाठोपाठ दुसरंच काहीतरी आलं. मागून भरधाव ट्रक आला तर? हँडब्रेक सुटला तर? उन्हात बाबा किती वेळ बसतील? तिनं त्यांना स्वतःच्या हातांनी पट्टा बांधून त्या गाडीत बसवलं होतं. ती टेबलावरून उठली, परत बसली, पुन्हा उठली. परीक्षक बाईंनी चष्म्यावरून बघितलं. “काही होतंय का तुम्हाला?”

“माझे वडील आहेत त्या गाडीत.”

तेवढ्यात खालच्या वळणावर तांबडं टोक दिसलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. गाडी पहिलं वळण झोकात चढली. दुसऱ्या वळणात एकदा खोकली. काकांनी हात उंचावून गर्दीला अभिवादन केलं, आणि त्याच क्षणी ती दुसऱ्यांदा खोकली, पुढे दोन आचके दिले आणि बंद पडली. शेवटच्या वळणाच्या अलीकडे, पाचशे लोकांच्या समोर.

काकांनी हँडब्रेक ओढला हे बघून तिचा जीव भांड्यात पडला. आता मात्र ती कठड्याला टेकली आणि डोळे भरून बघायला लागली. काका उतरले. बॉनेट उघडायला गेले, तर त्याची कडी सापडेना. ती आत, स्टिअरिंगखाली होती. मग सापडली. आत डोकं घालून उगाच एक वायर हलवली, एक झाकण ठोकलं. पुन्हा बसून किल्ली फिरवली. तांबडी नुसती कण्हली. कठड्यावरून कुणीतरी ओरडलं, “पेट्रोल आहे का बघा, कलावंत!” आणि हशा असा पिकला की डोंगरातून परत आला.

बाबा जागच्या जागी बसले होते, टोपी सरळ, मान ताठ, वरातीतल्या नवरदेवासारखे.

चारसहा पोरं धावत खाली गेली आणि गाडी ढकलत वर आणली. मागून काका चालत येत होते, जाकीट काखेत, चेहरा गाडीपेक्षा लाल. मागच्या गाड्या एकेक करून त्यांना ओलांडत होत्या. वर येताच ते तडक तपासणीच्या टेबलाशी आले आणि टेबलावर मूठ आपटली.

“हिनं केलंय हे! हिनं माझा मीटर बिघडवला! काटा आत्ता कुठे शून्यावर टेकला, खाली दहा लिटर होते, गेले कुठे?”

परीक्षक बाईंनी काटेवालीकडे बघितलं. “तुम्ही काम केलंय या गाडीचं?”

“हो. तार बदलली, काटा अचूक केला. शून्य म्हणजे शून्य.”

“म्हणजे आधी नव्हता अचूक?”

“नाही. आधी शून्यावर दहा लिटर उरायचे. फ्लोटचा दांडा मुद्दाम वाकवलेला होता.”

बाई काकांकडे वळल्या. “कुणी वाकवलेला?”

“कुणी म्हणजे?” काका अडखळले. “तो... कारखान्यातूनच तसा येतो. जुन्या गाड्या आहेत, त्यांचं असं असतंच.”

“पण टाकी तुम्ही स्वतः बनवलीत. अर्जात तसं आहे. मग फ्लोट कारखान्यातून वाकडा कसा आला?”

भोवती माणसं जमली होती. काका हसले, पण ते हसू ओठांच्या पुढे गेलं नाही. “अठरा वर्षांतलं सगळं कुणाच्या लक्षात राहतं?”

“म्हणूनच लिहून ठेवलंय,” काटेवाली म्हणाली. “सीटमागच्या कप्प्यात वही आहे. मी केलेलं कामही तिथंच लिहिलंय. तुम्हाला सांगितलं होतं, काका. गाडी तुमची, वही तुमची. वाचली नाहीत?”

कुणीतरी वही आणून दिली. बाईंनी डोळ्यांवर चष्मा चढवला. शेवटचं पान वाचलं, मान हलवली. मग मागे जात राहिल्या, पानामागून पान, इंजिनाच्या आकृत्या, नटबोल्टांची मापं, एकाच वळणाचं अक्षर. “हे अक्षर तुमचं?” त्यांनी काकांना विचारलं आणि अर्जावरचं अक्षर शेजारी धरलं. काकांनी जाकीट एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं. बाई एका पानावर थांबल्या आणि मोठ्यानं वाचू लागल्या, त्यांना त्यात फक्त तांत्रिक मजकूर दिसला म्हणून.

“‘फ्लोटचा दांडा वाकवला. धाकटी पुढच्या महिन्यापासून गाडी घेऊन एकटी जाणार. तिचं काट्याकडे लक्ष नसतं. वाटेत अडकायला नको. शून्याखाली दहा लिटर ठेवलेत. तिला सांगायचं नाही, नाहीतर तेही संपवेल.’” त्यांनी मान वर केली. “धाकटी कोण?”

काटेवाली वहीतल्या त्या ओळींवर वाकली. तिला वर्कशॉपमधला तो डावा हात दिसला, वर उचललेला, आणि ती घाईची दोन ‘बरं’. ते दमले नव्हते. ती हातोडीनं काय सरळ करते आहे ते त्यांना माहीत होतं.

“मी,” ती म्हणाली.

काकांनी अजून एकदा जोर केला. “आणि हा दादा! वाटभर पेट्रोलच्या काट्याच्या काचेवर बोट वाजवत होता, टकटक टकटक. मला वाटलं, खुळावलाय. पंपापाशी तर माझा हातच धरला. मी म्हटलं, माहीत आहे रे, खाली दहा आहेत. तेव्हा कुठे सोडला. मग हसत काय बसला!”

लोक आता काकांकडे बघतच नव्हते. सगळे तांबडीत बसलेल्या टोपीवाल्या म्हाताऱ्याकडे बघत होते. परीक्षक बाई वही घेऊन त्यांच्यापाशी गेल्या, ती उघडून त्यांच्यासमोर धरली. “हे तुमचं?”

बाबांनी अक्षरावरून डावं बोट फिरवलं. “बरं,” ते म्हणाले.

मंडळानं काकांचा अर्ज तिथल्या तिथं बाद केला आणि आधीचे दोन्ही चषक परत मागवले. पेपरात पुन्हा मजकूर आला, यावेळी फोटो बाबांचा. काटेवालीनं तो कापून काकांच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवला, पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव ठसठशीत लिहून. खोटं कशाला बोला, तिला ते सगळं गोड लागलं. त्या हशाची आठवण काढून ती काम करता करता एकटीच हसायची. फक्त हातोडी उचलली की मध्येच थबकायची, आणि खुर्चीकडे बघायचं टाळायची.

महिन्याभरानं काकूंचा फोन आला. “गाडी घेऊन जा बाई. कागदांवर यांनी सह्या केल्यात. लोक दुकानात येऊन पेट्रोलचं विचारतात, यांना ती डोळ्यासमोर नको झालीय.”

ती गेली तेव्हा काका ओट्यावर बसले होते. त्यांनी किल्ली पुढे केली, पण सोडली नाही.

“तुला माहितीय का,” ते म्हणाले, “लहानपणापासून दादानं मला अवजाराला हात लावू दिला नाही. माझे हात जड आहेत म्हणायचा. तुला मात्र पाच वर्षांची असताना मांडीवर घेऊन पाना धरायला शिकवलं.”

“म्हणून आजारी माणसाच्या हातात पेन दिलंत?”

काकांनी किल्ली सोडली.

तांबडी आता शटरच्या आत असते. रविवारी ती बाबांना शेजारी बसवून लांब घेऊन जाते. पहिल्या रविवारी तिनं वाटेत गाडी कडेला घेतली आणि म्हणाली, “बाबा, तुम्ही बसणार आहात हे कळूनही मी गप्प राहिले.” बाबांनी समोरच्या रस्त्याकडे बोट केलं. मग त्यांनी तिच्या गिअरवरच्या हातावर थापटलं, पुढे चल म्हणून. त्यांनी माफ केलं की नुसतं पुढे जायचं होतं, ते तिला आजवर ठरवता आलेलं नाही.

पावसाळा सरल्यावर एका सकाळी काका चालत आले. खांदे उतरलेले, दाढी वाढलेली. शटरशी घुटमळले. बाबांनी त्यांना पाहिलं, डाव्या हातानं बाजूचं स्टूल ओढलं आणि म्हणाले, “बरं.” काका येऊन बसले. दोघं भाऊ खिडकीतून रस्ता बघत राहिले. काकांनी हळूच डोळे पुसले. मग ते रोजच यायला लागले, तास दोन तास बसून जायचे.

बाबांनी त्यांना जवळ केलं असेल, तो त्यांचा प्रश्न. भाऊ त्यांचा, गाडीही त्यांची. काटेवाली आपल्या टेबलाशी असते. काका येताना म्हणतात, “काय गं, काम जोरात?” ती भिंग डोळ्याला लावते आणि काट्यावर वाकते. आजतागायत तिनं त्यांना उत्तर दिलेलं नाही.